रिकामी जागा वाकते म्हणजे नेमकं काय होतं?

सापेक्षतेवरच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. पत्रा वाकतो, फांदी वाकते, हे समजतं. पण सूर्याभोवती तर निर्वात पोकळी आहे. जिथे काहीच नाही तिथे वाकणार काय? आणि वाकून जाणार कुठे?

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याला बगल देता कामा नये. पण बहुतेक पुस्तकं इथे रबराच्या ताणलेल्या चादरीचं चित्र दाखवून मोकळी होतात. मधे एक जड गोळा, त्याच्या वजनाने पडलेला खळगा आणि खळग्याभोवती फिरणारी गोटी. हे चित्र मला कधीच पटलेलं नाही. गोटी खळग्यात घरंगळते ती चादरीखालच्या पृथ्वीच्या ओढीमुळे. म्हणजे जे समजावून सांगायचं तेच आधी गृहीत धरलेलं. त्याहून मोठा दोष असा की या चित्रात काळाला जागाच नाही. झाडावरचा आंबा खाली येतो तो मुख्यतः काळाच्या वाकण्यामुळे, आणि नेमकी तीच गोष्ट चादर लपवून ठेवते.

१. आतून मोजलेला बाक

एका मोठ्या भोपळ्याच्या फुगीर पोटावर दोन मुंग्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोघींची तोंडं देठाकडे, दोघींच्या वाटा सुरुवातीला अगदी समांतर. दोघीही डावीउजवीकडे जराही न वळता सरळ चालतात. तरीही त्यांच्यातलं अंतर कमी कमी होत जातं आणि देठाशी त्या एकमेकींना भेटतात. भोपळा बाहेरून कसा दिसतो हे त्यांना ठाऊक नाही, ठाऊक असण्याची गरजही नाही. फक्त वेळोवेळी आपसातलं अंतर मोजत राहिलं, तरी त्यांना कळेल की आपण सपाट जागेवर नाही.

गणितातली वक्रता ती हीच. शाळेत शिकलेली भूमिती सपाट कागदाची आहे. तिथे समांतर रेषा एकमेकींना मिळत नाहीत आणि त्रिकोणाचे कोन मिळून १८० अंश होतात. जिथे हे नियम मोजणीत पाळले जात नाहीत, ती जागा वक्र. त्यासाठी जागेने बाहेर कुठे फुगून जावं लागत नाही. ‘वाकून जाणार कुठे’ या प्रश्नाचं उत्तर ‘कुठेही नाही’ असं आहे. बदलतात ती मापं, आणि ती आत राहूनच पट्टी व घड्याळ घेऊन तपासता येतात.

घड्याळ का? कारण कुठलीही घटना सांगताना ‘कुठे’ सांगून भागत नाही, ‘केव्हा’ही सांगावं लागतं. जागेची तीन मापं आणि काळाचं एक मिळून जे होतं त्याला अवकाशकाल म्हणतात. २५ नोव्हेंबर १९१५ रोजी अल्बर्ट आइनस्टाइन यांनी बर्लिनच्या प्रशियन अकादमीत जी समीकरणं मांडली ती याच अवकाशकालाची आहेत. त्यांच्या एका बाजूला भूमिती आहे आणि दुसऱ्या बाजूला पदार्थ, ऊर्जा व दाब. कुठे किती ऊर्जा आहे त्यावरून तिथली मापं कशी बदलतील ते ठरतं, आणि त्या मापांवरून पदार्थ कसा फिरेल ते.

२. कळसूबाईवरचं घड्याळ

काळ वाकतो म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालतात. यंत्रातल्या दोषाने नव्हे. तिथे काळच तितका जातो. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ दर मीटर उंचीमागे घड्याळ किंचित जलद चालतं. ते किती? सेकंदाचे सुमारे ९० लाख अब्ज भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकं, दर सेकंदाला.

आता एक घड्याळ मुंबईच्या किनाऱ्यावर ठेवू आणि दुसरं कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटर उंचीवर. वर्षभराने दोन्ही ताडून पाहिली तर शिखरावरचं घड्याळ पाच-सहा मायक्रोसेकंदांनी पुढे गेलेलं असेल. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

इतका बारीक फरक कोण मोजणार, असं वाटेल. १९६० साली रॉबर्ट पाउंड आणि ग्लेन रेब्का यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या एका इमारतीत फक्त साडेबावीस मीटर उंचीच्या फरकावर हा परिणाम मोजून दाखवला. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर इथे दोन अतिअचूक घड्याळांपैकी एक ३३ सेंटिमीटर वर उचललं, तेव्हाही फरक दिसला. ३३ सेंटिमीटर म्हणजे जिन्याच्या दोन पायऱ्याही धड नाहीत.

रोजच्या वापरातही हा फरक आहे. फोनवर रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. निव्वळ फरक ३८ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो. म्हणजे दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात अंतराच्या हिशेबात तेवढी चूक साचेल. ती दुरुस्ती यंत्रणेत पहिल्यापासूनच केलेली असते.

३. वर फेकलेला चेंडू

पण घड्याळं पुढेमागे होण्याचा आणि आंबा पडण्याचा काय संबंध? या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, त्यामुळे इथे थोडं थांबू.

सापेक्षतेतला नियम असा : ज्या वस्तूला कोणी ढकलत किंवा ओढत नाही, ती एका घटनेपासून दुसऱ्या घटनेपर्यंत जाताना असा मार्ग घेते की तिच्या स्वतःच्या घड्याळात जास्तीत जास्त काळ जमा व्हावा. अवकाशकालातला ‘सरळ’ मार्ग तोच. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. उंचावर घड्याळ जलद चालतं, आणि वेगाने हलणारं घड्याळ मंद चालतं.

चेंडू हातातून सुटला आणि बरोबर दोन सेकंदांनी त्याच हातात परत आला. मधल्या वेळात तो कुठे असावा? हातातच राहिला असता तर नफा नाही, तोटा नाही. वर गेला तर उंचीमुळे काळ जास्त मिळेल. पण फार वर जायचं तर दोन सेकंदांत परतण्यासाठी फार वेगाने जायला हवं, आणि वेगामुळे काळ कमी मिळेल. म्हणजे मधला कुठला तरी मार्ग सर्वांत फायद्याचा असणार.

हिशेब करू. त्यासाठी सेकंदाचा साधारण एक कोटी अब्जावा हिस्सा म्हणजे एक ‘भाग’ धरू. चेंडू ४.९ मीटर वर जाऊन परतला, तर उंचीमुळे ८ भाग मिळतात, वेगामुळे ४ जातात. शिल्लक ४. त्याच पद्धतीने पण निम्म्याच उंचीपर्यंत नेला तर उंचीचे ४ मिळतात, वेगाचा १ जातो. शिल्लक ३. दुप्पट उंचीपर्यंत नेला तर १६ मिळतात आणि १६ जातात. शिल्लक शून्य. सर्वांत जास्त शिल्लक ४.९ मीटरच्या मार्गाला आहे. दोन सेकंदांनी हातात परतणारा चेंडू प्रत्यक्षात किती वर जातो हे अकरावीच्या सूत्राने काढून पाहा. उत्तर ४.९ मीटरच येतं.

इथे कुठेही ओढ आलेली नाही. चेंडू आपल्या वाटेने सरळ चालला आहे. ज्या मार्गाला आपण वर जाऊन खाली येणारी कमान म्हणतो, तो काळ ठिकठिकाणी वेगळा चालतो अशा अवकाशकालातला सरळ मार्ग आहे. देठापासून सुटलेला आंबाही तेच करतो. फांदीवर असताना देठ त्याला त्या मार्गापासून अडवून धरत होता. ओढ नसते, अडवणूक असते. आपल्याला जाणवणारं स्वतःचं वजन म्हणजे जमिनीने पायांना केलेली अडवणूक. हे पहिल्यांदा लख्ख समजतं तेव्हा होणारा आनंद मी दुसऱ्या कुठल्याही शास्त्रीय कल्पनेत अनुभवलेला नाही.

४. प्रकाश दुप्पट का वळतो

मग अवकाशाची, म्हणजे जागेची, वक्रता कुठे गेली? ती असते, पण सावकाश चालणाऱ्या वस्तूंना ती जवळजवळ जाणवत नाही. अवकाशकालात एक सेकंद हा तीन लाख किलोमीटरच्या बरोबरीचा असतो, कारण प्रकाश सेकंदात तेवढं जातो. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर जाते, त्याच सेकंदात काळाच्या दिशेने तिचे तीन लाख किलोमीटर होतात. तिचा जवळजवळ सगळा प्रवास काळातला, म्हणून तिला वळवतो तोही जवळजवळ सगळा काळाचा बाक. बुध अधिक वेगवान आणि सूर्याला जवळ असल्याने तिथे अवकाशाचा थोडासा वाटाही दिसतो. त्याच्या कक्षेचा शतकामागे ४३ विकलांचा जो हिशेब खगोलशास्त्रज्ञांना लागत नव्हता, त्यात हा वाटा आहे. विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग.

प्रकाशाचं मात्र तसं नाही. तो काळात जितका तितकाच अवकाशात चालतो, त्यामुळे दोन्ही बाक त्याला सारखेच भोगावे लागतात.

आइनस्टाइन यांना हे एकदम सुचलं नव्हतं. १९११ साली प्राग इथे असताना त्यांनी फक्त काळाचा परिणाम धरून गणित केलं. सूर्याला घासून येणारा ताऱ्याचा प्रकाश पाऊण विकलेहून थोडा जास्त वळेल, असं उत्तर आलं. ते तपासायला एर्विन फ्रॉइंडलिश हे जर्मन खगोलशास्त्रज्ञ ऑगस्ट १९१४ मधलं खग्रास सूर्यग्रहण गाठायला क्रायमियात गेले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं, त्यांना रशियात अटक झाली आणि निरीक्षण राहूनच गेलं. ते पार पडलं असतं तर आइनस्टाइन यांचं भाकीत चुकीचं ठरलं असतं. १९१५ मध्ये पूर्ण सिद्धान्त हाती आल्यावर त्यांनी अवकाशाचा वाटाही मिळवला आणि आकडा दुप्पट झाला : १.७५ विकला. २९ मे १९१९ च्या ग्रहणात ब्राझीलमधलं सोब्राल आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं प्रिन्सिपे बेट अशा दोन ठिकाणांहून इंग्रज निरीक्षकांनी घेतलेली छायाचित्रं त्या दुप्पट आकड्याच्या बाजूने गेली. अवकाशही वाकतो याचा तो पुरावा होता.

५. तेजाचं वजन

समीकरणं मांडणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. ती इतकी गुंतागुंतीची आहेत की अचूक उत्तर मिळेल अशी आशा खुद्द आइनस्टाइन यांनाही नव्हती. पहिलं अचूक उत्तर काही आठवड्यांतच आलं, तेही युद्धाच्या आघाडीवरून. जर्मन सैन्यात दाखल झालेले कार्ल श्वार्झशिल्ड रशियाच्या सीमेवर होते. एकाकी, गोल, न फिरणाऱ्या ताऱ्याबाहेरची भूमिती त्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये काढली. मे १९१६ मध्ये आजारपणात त्यांचं निधन झालं. सूर्याचं सगळं वस्तुमान तीन किलोमीटर त्रिज्येत दाबलं, तर त्यातून प्रकाशही सुटणार नाही, हा पुढे कृष्णविवर म्हणून ओळखला गेलेला निष्कर्ष त्यांच्याच उत्तरात दडलेला होता. पृथ्वीसाठी हीच त्रिज्या नऊ मिलिमीटर येते.

या उत्तरात एक उणीव होती. त्यातला तारा अंधारा होता. ताऱ्याबाहेर काहीच नाही, असं श्वार्झशिल्ड यांनी धरलं होतं. खरा तारा प्रकाशतो, प्रकाशात ऊर्जा असते आणि ऊर्जाही भूमिती वाकवते. म्हणजे ताऱ्याबाहेरची जागा रिकामी नाहीच, ती बाहेर पडणाऱ्या तेजाने भरलेली आहे. शिवाय ते तेज ताऱ्याचंच वस्तुमान घेऊन निघालेलं असतं.

ही उणीव भरून निघाली ती बनारसमध्ये. बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख होते कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंत नारळीकरांचे वडील. केंब्रिजमध्ये शिकून आलेले नारळीकर सापेक्षतेवर संशोधन करत होते, आणि भारतात तेव्हा या विषयात काम करणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. १९४२ साली मुंबईत शिकलेला एक गुजराती तरुण, प्रल्हाद चुनीलाल वैद्य, त्यांच्याकडे आला. वय २४. देशात ‘छोडो भारत’ची धामधूम होती, जगात दुसरं महायुद्ध. १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये वैद्यांचं उत्तर प्रसिद्ध झालं : प्रकाशणाऱ्या ताऱ्याबाहेरची भूमिती. जगभर ते आज ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून शिकवलं जातं. मेट्रिक म्हणजे मापांचा नियम : अवकाशकालातल्या जवळच्या दोन घटनांमधलं अंतर कसं काढायचं ते सांगणारं सूत्र.

त्यातली कल्पना फार सुरेख आहे. ताऱ्याचं वस्तुमान घटत जातं. पण दूरच्या ग्रहाला ती घट केव्हा कळते? ते वस्तुमान घेऊन निघालेला प्रकाश त्या ग्रहाला ओलांडून जातो तेव्हा. म्हणून वैद्यांच्या भूमितीत वस्तुमानाचा आकडा प्रकाशकिरणासोबत चालतो. सूर्याने आत्ता गमावलेलं वस्तुमान पृथ्वीच्या हिशेबातून आठ मिनिटं वीस सेकंदांनी वजा होतं. तोवर ते तेज आपल्या कक्षेच्या आतच असतं, आणि आतल्या सगळ्याचं मिळून वजन तेवढंच भरतं.

सूर्यासाठी हा फरक नगण्य आहे. तो सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान तेजाच्या रूपाने बाहेर टाकतो, तरी साडेचार अब्ज वर्षांत त्याचं सुमारे ०.०३ टक्केच वस्तुमान असं गेलं आहे. त्यामुळे वैद्यांचं उत्तर तेव्हा निव्वळ गणिताचं कौतुक वाटलं असेल. १९६० च्या दशकात क्वासार नावाचे अतितेजस्वी स्रोत सापडले, कोसळणाऱ्या ताऱ्यांचा अभ्यास जोरात सुरू झाला, आणि वीस वर्षांपूर्वीचं ते सूत्र अभ्यासकांच्या रोजच्या वापरात आलं. पुढे स्टीफन हॉकिंग यांनी कृष्णविवरंही हळूहळू तेज टाकत झिजतात असं दाखवलं, तेव्हा झिजत्या विवराची भूमिती लिहायलाही तेच उपयोगी पडलं.

६. खड्यांचा ढग

आतापर्यंत एकेक वस्तू पाहिली. आता मोकळ्या सोडलेल्या खड्यांचा एक गोल ढग पृथ्वीकडे पडतो आहे असं समजू. खालचे खडे पृथ्वीला जवळ, म्हणून थोडे जलद पडतात आणि वरचे मागे राहतात. बाजूचे खडे पृथ्वीच्या केंद्राकडे निघालेले, म्हणून एकमेकांकडे सरकतात. गोल ढग उभा लांबट होतो. रिकाम्या जागेत वक्रता ढगाचा आकार बदलते, पण सुरुवातीला तरी घनफळ तेवढंच राहतं. ढग ज्या जागेतून जातो तिथे पदार्थ असेल, तर मात्र घनफळही आक्रसू लागतं.

हे आक्रसणं नेमकं कशाने ठरतं, याचं सूत्र १९५५ मध्ये कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरी यांनी प्रसिद्ध केलं. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत त्यांना नेमून दिलेलं काम धातूंविषयीचं होतं. सापेक्षतेचं काम त्यांनी स्वतःच्या ओढीने केलं. सूत्र सांगतं : पदार्थ आणि दाब ढगाला आत आणतात, आकार बिघडण्याची क्रियाही आतच आणते, आणि बाहेर राखायला मदत करतं ते फक्त ढगाचं स्वतःभोवती फिरणं. फिरणं नसेल आणि ढग एकदा आक्रसू लागला, तर मर्यादित काळात सगळ्या वाटा एकत्र येणारच.

याचं महत्त्व काय? विश्व प्रसरण पावतं आहे. काळ उलटा नेला तर सगळं एका ठिकाणी येतं आणि घनता अमर्याद होते. पण बऱ्याच जणांना वाटायचं की हा आपणच धरलेल्या गुळगुळीत, सगळीकडे सारख्या विश्वाचा परिणाम आहे. खरं विश्व खडबडीत आहे, त्यात वाटा एकमेकींना चुकवून निघून जातील. रायचौधुरींनी सारखेपणा धरलाच नाही, आणि तरीही वाटा एकत्र येतात असं निघालं. खडबडीतपणाने सुटका होत नाही, उलट घाई होते. यावरच पुढे रॉजर पेनरोज यांनी १९६५ मध्ये आणि नंतर हॉकिंग यांनी आपली प्रमेयं उभारली : जिथे अवकाशकालाची वाट पुढे जाऊच शकत नाही अशी टोकं, म्हणजे सिंग्युलॅरिटी, या सिद्धान्तात अटळ आहेत. पेनरोज यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. रायचौधुरी २००५ मध्येच गेले होते.

७. विवराचा कंप

भूमिती वाकू शकते, तर हलूही शकते. १९७० मध्ये बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी गणिताने एक प्रयोग केला. कृष्णविवरावर लहर सोडली तर परत काय येतं? परत आला एक ठरावीक कंप, झपाट्याने विरत जाणारा. सोडलेली लहर कशी होती याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो फक्त विवराच्या वस्तुमानावर अवलंबून होता. विवर स्वतःभोवती फिरत असेल, तर फिरण्यावरही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकालातल्या लहरी, पहिल्यांदा टिपल्या. तिथे चार किलोमीटरच्या भुजांच्या टोकांना आरसे मोकळे टांगलेले असतात. लहर गेली तेव्हा त्यांच्यातलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या हिश्शाने बदललं. ३६ आणि २९ सूर्यांच्या वस्तुमानाची दोन विवरं एकमेकांत मिळून ६२ सूर्यांचं एक विवर झालं होतं. उरलेली तीन सूर्यांइतकी ऊर्जा जवळपास सगळीच एका सेकंदापेक्षा कमी वेळात लहरी होऊन निघून गेली. शेवटी नवं विवर सेकंदाला सुमारे २५० वेळा कंप पावत काही मिलिसेकंदांत शांत झालं. विश्वेश्वरांना आपलं गणित खरं झालेलं पाहता आलं. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं.

असा क्षीण संकेत गोंगाटातून वेचायचा तर तो कसा दिसेल याचे हजारो नमुने आधीच गणिताने करून ठेवावे लागतात आणि मोजणीशी जुळवून पाहावे लागतात. या तंत्राच्या पायाभरणीत पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतल्या संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

लहर कुठून आली हे मात्र एका वेधशाळेला सांगता येत नाही. दोन ठिकाणी ती किती अंतराने पोहोचली त्यावरून दिशेचा अंदाज बांधायचा असतो. २०१५ ची लहर दोन्ही ठिकाणी सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकाने पोहोचली, आणि तेवढ्यावरून आकाशाचा सुमारे ६०० चौरस अंशांचा पट्टाच हाती लागला. पूर्ण चंद्र व्यापतो जेमतेम ०.२ चौरस अंश. १७ ऑगस्ट २०१७ च्या लहरीच्या वेळी इटलीतली व्हर्गो वेधशाळाही जोडीला होती. या वेळी पट्टा २८ चौरस अंशांवर आला आणि अर्ध्या दिवसाच्या आतच दुर्बिणींनी लहर जिथून आली ती दीर्घिका शोधून काढली. वेधशाळा एकमेकींपासून जितक्या दूर, तितका वेळेतला फरक मोठा आणि दिशा नेमकी. चार किलोमीटरच्या भुजांची अशीच एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले ते याच कारणासाठी. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांमध्ये तीन हजार किलोमीटरचं अंतर आहे. औंढा त्या दोघींपासून त्याच्या कितीतरी पट दूर आहे.